उंबऱ्याच्या आत की बाहेर

फेब्रुवारीत, द्राक्षांची काढणी ऐन भरात असताना, निफाड तालुक्यातल्या एका मळ्यावर पहाटे तीन चोर शिरले. घरमालकाने दाराआडची पहार उचलली. दोघे पळाले. तिसरा अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ कोसळला आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नेईपर्यंत गेला. सकाळी मला फोन आला तेव्हा घरमालक पोलीस ठाण्यात बसून होता आणि त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला होता, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. मी नाशिकला फौजदारी वकिली करते. पक्षकाराची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. पण मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

ठाण्याच्या आवारात सगळी भावकी जमली होती. मी गाडीतून उतरते न उतरते तोच त्याच्या चुलत्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आमचं ठरलंय. पोरानं मारलंच नाही म्हणायचं. चोर अंधारात पळताना ट्रॉलीच्या हुकावर आपटला."

"तात्या, हे कुणापुढे बोललात का?"

"अजून नाही. गावातल्या जाणत्या माणसांनी सुचवलं."

"मग आता बोलूही नका. हे बोललात तर पोराला तुम्हीच आत घालाल."

स्वसंरक्षणाचा बचाव म्हणजे 'होय, मारलं, आणि तसं मारायचा मला हक्क होता' असं सांगणं. एकदा 'मारलंच नाही' म्हटलं आणि शवविच्छेदनात पहारीचा घाव निघाला, की नंतर खरं सांगितलं तरी ते रचलेलं वाटतं. आरोपीला गप्प बसायचा हक्क घटनेच्या कलम २०(३) ने दिलेला आहे, तो पुरेसा आहे. खोट्याची गरज नव्हती, कारण खरं काय ते त्याच्याच बाजूचं होतं.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम ३८ मध्ये आहे. तपास अधिकाऱ्यांनी खळखळ न करता भेटू दिलं. पक्षकाराचे हात थरथरत होते. "मॅडम, दार लाथेनं पाडलं. आई दाराजवळच्या खाटेवर निजलेली. आत आला तो आधी तिच्या गळ्याशीच गेला. मी हाणली पहार. किती हाणल्या, आठवत नाही."

मी विचारलं, "तो तेव्हा कुठे होता? घरात की अंगणात?"

"घरात. बाहेर गेला तो मार खाऊन गेला."

सगळी केस या वाक्यावर उभी राहणार होती. न्याय संहितेच्या कलम ४१ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घरफोडी करत असेल, तर मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क समोरच्याचा जीव जाईपर्यंत पोहोचू शकतो. जुन्या दंड संहितेतही, म्हणजे १८६० पासून, रात्रीच्या घरफोडीसाठी ही तरतूद होतीच. मात्र उघड्या दारातून आत येणं ही कायद्याच्या भाषेत घरफोडी नव्हे, ते गृह-अतिक्रमण. बंद दार मोडून, कडी काढून, कुलूप तोडून येणं ही घरफोडी. घरफोडीविरुद्धचा हा हक्क चोर घरात आहे तोवर टिकतो. तो पाठ फिरवून बांधावरून पळत सुटला, की त्याच्या डोक्यात पहार घालायचा हक्क संपला. आणि हा चोर कोसळला होता अंगणात.

म्हणून दुपारी मी मळ्यावर गेले. दाराला चकचकीत नवा कोयंडा होता! पोलीस येऊन अंगणातला पंचनामा करून गेले आणि त्यानंतर थोरल्या भावाने सुतार बोलावून दार नीट करून घेतलं होतं. बायामाणसांनी ओटा आणि आतली फरशी धुऊन टाकली होती. कुणाच्याही मनात लपवाछपवी नव्हती. घरात म्हातारी आहे, दार उघडं कसं ठेवायचं, एवढंच. पण सरकारी वकिलाने हे सांगितलं असतं ते 'पुरावा नष्ट केला' या शब्दांत.

मी चौकटीजवळ बसून पाहिलं. नव्या कोयंड्याच्या चार बोटं खाली जुन्याची जागा होती. तिथलं लाकूड फाटून आतल्या बाजूला उचकटलं होतं. बाहेरून चौकट काळपट, आणि फाटलेल्या जागी आतला गाभा ताजा, पिवळसर. स्क्रूची भोकं लांबट ओढली गेली होती. दार आतून लावलेलं होतं आणि बाहेरून धक्क्याने उघडलं, हे ती चौकटच सांगत होती. जुना कोयंडा वाकलेल्या अवस्थेत सुताराने खिडकीत ठेवला होता. दाराच्या आत द्राक्षांचे रिकामे कॅरेट रचलेले होते. फरशी धुतली, पण कॅरेट कुणी धुतले नव्हते. खालून तिसऱ्या कॅरेटच्या जाळीत वाळलेल्या रक्ताचे शिंतोडे होते.

मी कशालाही हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. तिथूनच तपास अधिकाऱ्यांना फोन केला आणि लेखी अर्जही दिला. ते पंच घेऊन परत आले, नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेची माणसं आली, चौकटीचं चित्रीकरण झालं, कॅरेट जप्त झाले. त्या अधिकाऱ्यांबद्दल मला आजही आदर आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा गोळा करायला सगळेच इतक्या तत्परतेने येत नाहीत.

संध्याकाळी रिमांडसाठी निफाडच्या कोर्टाबाहेर थांबलो होतो. भावकीत एकच विषय, बंदूक. एकाचा मुलगा टेक्सासला असतो, त्याचा फोन स्पीकरवर: "इथे असतं तर केसच झाली नसती." त्याचं सगळंच चूक नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा घटनात्मक हक्क मानला. टेक्सासमध्ये तर रात्री चोरी करून माल घेऊन पळणाऱ्यावरही काही परिस्थितीत गोळी झाडता येते. आपल्याकडे शस्त्र ही परवान्याची गोष्ट आहे, १९५९ च्या कायद्याखालची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.

मी थोरल्या भावाला विचारलं, "पहाटे आरडाओरडा ऐकून तुम्ही कुठून आलात?"

"मागच्या खोलीतून. त्याच दारात."

"अंधारात?"

"लाइट नव्हतीच."

पहारीच्या जागी बाराबोरची बंदूक असती तर त्या दारात छर्‍यांपुढे चोर होता, आई होती आणि हा भाऊही होता. त्यावर कुणी काही बोललं नाही. मी बंदुकीच्या सरसकट विरोधात नाही. आडबाजूला राहणाऱ्याची भीती खरी असते, आणि पोलिसांची गाडी वेळेत पोहोचेलच असं मीही त्याला सांगू शकत नाही. पण झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात काय असावं, याचा विचार घरातली सगळी माणसं मोजून करावा.

न्यायाधीशांनी पोलीस कोठडी दिली. ती मिळणार हे मी घरच्यांना आधीच सांगितलं होतं. शवविच्छेदनाच्या अहवालात दोन घाव निघाले, एक कपाळावर आणि एक खांद्यावर, दोन्ही समोरून. पाठीवर काही नव्हतं. जामिनाच्या वेळी मी सत्र न्यायालयापुढे चौकटीचे फोटो, कॅरेटचा अहवाल आणि दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल ठेवला. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. जामीन मिळाला, पण काढणी हातची गेली होती. खटला चालू आहे. त्यात बचाव शाबीत करायची जबाबदारी आमच्यावर आहे. मात्र ती संशयातीत नव्हे, तर आमचं म्हणणं अधिक संभवनीय आहे एवढं दाखवण्यापुरती.

थोरल्या भावाने पुढे बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केलाच. गाव ग्रामीण हद्दीत, म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तांकडे जातो. कागदपत्रं लावायला मीच मदत केली. आधी अंगणात सौर दिवा आणि दाराला लोखंडी जाळी बसवायची, ही माझी अट होती. त्याने दोन्ही बसवलं. अर्ज पोलीस अहवालासाठी गेला आहे.