तुतीच्या मर रोगाचा जिवाणू ओळखताना : माझा अनुभव

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका रेशीम उत्पादकाची तुतीची बाग निवडली. तुती वाळण्याची कारणे अनेक असतात. मूळकुज बहुधा फ्युजारियम किंवा मॅक्रोफोमिना या बुरशींमुळे होते आणि सूत्रकृमींनी मुळांवर गाठी आणल्या तरी झाड निस्तेज दिसते. या बागेत मात्र पाने हिरवी असतानाच मलूल होऊन लोंबत होती, मुळांवर गाठी नव्हत्या आणि त्याच जमिनीत पूर्वी टोमॅटो व आले घेतलेले होते. त्यामुळे माझा संशय राल्स्टोनियाकडे, म्हणजे टोमॅटो व आल्यालाही मर रोग आणणाऱ्या जमिनीतील जिवाणूकडे, वळला.

पहिली चाचणी बांधावरच झाली. खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरला, तेव्हा कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरू लागली. बुरशीजन्य मर रोगात अशी धार दिसत नाही. जलवाहिन्यांत साचलेले जिवाणू आणि त्यांनी स्रवलेली चिकट शर्कराद्रव्येच पाण्याची वाट अडवतात, म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानलेले राहते.

प्रयोगशाळेत खोडाचे तुकडे वरून निर्जंतुक करून संशोधक केल्मन यांनी १९५४ साली सुचवलेल्या टेट्राझोलियम माध्यमावर (जिवाणू वाढवण्याच्या पोषक थरावर) २८ अंश सेल्सियसला वाढवले. दोन प्रकारच्या वसाहती, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे पुंजके, आल्या. काही झपाट्याने वाढणाऱ्या होत्या. काही सावकाश आलेल्या, पांढऱ्या, ओघळणाऱ्या आणि मध्यभागी गुलाबी छटा असलेल्या होत्या. दोन्ही जिवाणूंच्या पेशी तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कालवल्यावर चिकट तार सुटली, म्हणजे दोन्ही ग्रॅम-ऋण (पातळ पेशीभित्तिकेच्या गटातले) ठरले. पहिल्या गटाचा १६ एस जनुकक्रम (जिवाणूची ओळख पटवण्यासाठी वाचला जाणारा जनुकाचा क्रम) एन्टेरोबॅक्टर या वेगळ्या जिवाणूवंशाकडे बोट दाखवत होता, आणि ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नव्हती, कारण चीनमधील रोगट तुतीतून २०११ साली एन्टेरोबॅक्टर मोरी ही नवी प्रजाती वर्णिली गेली आहे. शिवाय या कुळातील निकटच्या प्रजाती केवळ १६ एस जनुकावरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत; त्यासाठी आरपीओबी, जायरबी यांसारखी जनुकेही वाचावी लागतात.

माझ्या मते या कामाचा खरा कणा रोगकारकता चाचणी हाच आहे. मेलेल्या झाडात जिवाणू सापडला म्हणजे त्यानेच झाड मारले असे होत नाही. कुजत्या ऊतींत मागाहून शिरणारे जिवाणू पुष्कळ असतात. राल्स्टोनिया थंडीत मंद राहतो, म्हणून कोल्हापुरातील थंडी ओसरेपर्यंत मी ही चाचणी लांबवली. मग टोमॅटो व तुतीच्या निरोगी रोपांची मुळे किंचित छेदून, मिलिलिटरमागे सुमारे दहा कोटी पेशी असलेले द्रावण मातीत ओतले आणि तुलनेसाठी काही रोपांना नुसते निर्जंतुक पाणी दिले. झपाट्याने वाढलेला जिवाणू दिलेली रोपे पाणी दिलेल्या रोपांसारखीच टवटवीत राहिली. ओघळणाऱ्या वसाहतींतील जिवाणूने आधी टोमॅटोची आणि त्यामागून तुतीची रोपे माना टाकू लागली, आणि त्या रोपांच्या खोडातून तशाच वसाहती पुन्हा मिळाल्या, तेव्हा कॉखच्या अटी, म्हणजे एखादा जंतूच रोगाचे कारण आहे हे ठरवण्याचे निकष, पूर्ण झाल्या.

पुढचे काम पीसीआरने (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने) लवकर उरकले. ७५९ व ७६० या प्रायमरांनी (या जिवाणूचा डीएनए हेरणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांनी) २८० बेस जोड्या लांबीचा अपेक्षित पट्टा दिला, तर फायलोटाइप (जिवाणूचा वंशगट) चाचणीत १४४ बेस जोड्यांचा, म्हणजे पहिल्या फायलोटाइपचा पट्टा आला. २०१४ सालच्या वर्गीकरणानुसार पहिला व तिसरा फायलोटाइप राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनासिएरम या प्रजातीत मोडतात, म्हणून अहवालात तेच नाव लिहिले. बागमालकांना मी सांगितले की वाळलेली झाडे मुळांसकट काढावीत, त्या ओळींतील पाणी पुढच्या ओळींत जाऊ देऊ नये, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी आणि या बागेचे बेणे कोणालाही देऊ नये.