'जिंजर'चं मूळ

आजची नोंद 'जिंजर'ची, म्हणजे आल्याच्या इंग्रजी नावाची. एखाद्या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं तर आजच्या रूपावरून थेट संस्कृतात उडी मारायची नाही. आधी इंग्रजीतलंच सर्वांत जुनं लिखित रूप काढायचं. जुन्या इंग्रजीत ते 'गिंगिफर' आहे, लॅटिनमधून आलेलं. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर त्यात जुन्या फ्रेंचमधल्या 'जिंजिव्र'ची भर पडली, मध्य इंग्रजीत 'जिंजिवेर' झालं, आणि मधला 'व' झिजून 'जिंजर' उरलं. मागे जाताना उत्तरकालीन लॅटिन 'गिंगिबेर', त्याआधी 'झिंगिबेर', त्यामागे ग्रीक 'झिंगिबेरिस'. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या औषधींवरच्या ग्रंथात ते सापडतं.

इथे लिपी फसवते. ग्रीकमध्ये 'ङ्ग' दोन गॅमांनी, म्हणजे 'ग'ची खूण दोनदा काढून लिहितात. अक्षराला अक्षर लावत गेलं तर 'झिग्गि' होतं आणि अनुनासिक हरवतं. मूळ भारतीय रूपातल्या 'व'साठी ग्रीकमध्ये वेगळं अक्षर तेव्हा प्रचारात नव्हतं, म्हणून तिथे बीटा, म्हणजे 'ब'चं अक्षर.

मग आल्याचं संस्कृत नाव 'शृङ्गवेर' समोर येतं आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर, गड्डाही शिंगं फुटल्यासारखा. मला अशा चपखल अर्थाचीच धास्ती वाटते. ग्रीक रूपातलं दुसरं अक्षर पाहावं: 'गि'. संस्कृतात त्या जागी 'ग' आहे, पालीत मात्र 'सिङ्गिवेर'. म्हणजे ग्रीकांच्या कानावर पडलं ते प्राकृत वळणाचं रूप. तमिळमध्ये आल्याला 'इंजि' म्हणतात आणि झाडाच्या मुळाला 'वेर्'. दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांत शब्दारंभीचा 'च' गळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत, त्यामुळे 'इंजि'च्या आधी 'च' होता असं मानलं तर पालीतल्या 'स'चाही हिशेब लागतो. तेव्हा 'शृङ्गवेर' म्हणजे द्राविडी शब्दावर मागाहून चढवलेला संस्कृत साज. शिंगाचा अर्थ त्यानंतर आला. हा एक स्वर तपासला नाही तर सगळी साखळी बरोबर जुळवूनही मूळ चुकीच्या भाषेत सापडतं.

'हलक्या हाताने' या अर्थाचा 'जिंजरली' या कुळात घेऊ नये. तो बहुधा नाजूक अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला. 'जिंजरब्रेड' मात्र याच कुळातला, पण त्यातला 'ब्रेड' उपरा. जुन्या फ्रेंचमध्ये 'जिंजेंब्रास' म्हणजे मुरवलेलं आलं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचं शेपूट ओळखीच्या शब्दासारखं करून घेतलं. 'शृङ्गवेर'चं जे झालं तेच.