नवीन नेटवर्क कार्ड टाकलं आणि जुनं चालू असलेलंच बंद पडलं

घरच्या सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) आहे, जुनाच डेस्कटॉप, मॉनिटर-कीबोर्ड काही जोडलेलं नाही, सगळं काम एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने आत शिरून. त्यात रिअलटेक ८१२५ चिपचं २.५ गिगाबिटचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवलं, मशीन चालू केलं, आणि नवीन कार्ड राहू द्या, मदरबोर्डवरचा जो पोर्ट इतकी वर्षं बिनतक्रार चालत होता तोच गायब. पिंग नाही, एसएसएच नाही. पण केबल जुन्याच पोर्टला आणि लाइट छान लुकलुकतायत.

अशा वेळी बहुतेक जण कार्ड परत करायला निघतात किंवा ड्रायव्हर शोधत बसतात. माझं ठाम मत आहे की आधी एलएसपीसीआय -एनएनके ही कमांड चालवायची, कारण त्यात एकाच ठिकाणी कळतं की कार्ड बसवर (कार्डं मशीनला जोडणाऱ्या मार्गावर) दिसतंय का आणि त्याला कुठला ड्रायव्हर लागलाय. मॉनिटर जोडून बघितलं तर कार्ड होतं, खाली ड्रायव्हर आर८१६९ लागलेला (८१२५ चा सपोर्ट कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.४ पासून त्यातच आहे, वेगळं काही कंपाइल करायची गरज नाही). डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) मात्र एक ओळ होती, आरटीएल८१२५बी-२ नावाची फर्मवेअर फाइल (कार्डाच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) लोड झाली नाही, एरर -२. उणे दोन म्हणजे फाइलच नाही. हे सोपं आहे, फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज टाकायचं, डेबियन १२ मध्ये ते नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात असतं. पण नेटच नाही तर टाकणार कसं, म्हणून ते पेनड्राइव्हवरून आणलं.

खरी गोष्ट पुढे आहे. नेटवर्क पोर्टांची यादी दाखवणारी आयपी -बीआर लिंक कमांड दिली तर ईएनपी३एस० (जुन्या पोर्टचं नाव) समोर नो-कॅरियर, म्हणजे केबलचा सिग्नल नाही, आणि ईएनपी४एस० डाउन. आणि ईएनपी३एस० चा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा स्वतःचा नंबर) नवीन कार्डाचा! म्हणजे जुन्या पोर्टचं नाव नवीन कार्डाला गेलं. या नावातला तीन म्हणजे पीसीआय बसचा नंबर, नवीन कार्ड मोजणीत आधी आलं, तिसरी बस त्याने घेतली आणि मदरबोर्डचा पोर्ट चौथ्यावर सरकला. नेटवर्क सेटिंगच्या इंटरफेसेस फाइलमध्ये स्टॅटिक (कायमचा ठरवलेला) आयपी ईएनपी३एस० च्या नावाने लिहिलेला, तो इमानदारीत नवीन कार्डाला मिळाला, ज्याला केबलच नव्हती. जुन्याला कोणी उठ म्हणालंच नाही.

ही नावं सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना सगळं उभं करणारा लिनक्सचा भाग) १९७ व्या आवृत्तीपासून, २०१३ पासून आली, आधीची ईटीएच० आणि ईटीएच१ ही नावं बूटच्या वेळी आपसात अदलाबदल व्हायचे म्हणून. कल्पना चांगलीच आहे, पण स्लॉट भरला की बस नंबर हलू शकतो हे कोणी ठळक सांगत नाही आणि लोक विनाकारण रात्र घालवतात, म्हणून मी हे लिहितोय. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये नाव ड्रायव्हरवरून पडतं, रिअलटेक आरई०, इंटेल ईएम० किंवा आयजीसी०, त्यामुळे वेगळ्या ड्रायव्हरचं कार्ड टाकलं तर जुन्याचं नाव हलत नाही, मला ते जास्त आवडतं.

उपाय म्हणजे नाव मॅक ॲड्रेसला बांधून टाकायचं. /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये .लिंक फाइल करायची, मॅचमध्ये मॅक, लिंकमध्ये नाव, मी लॅन० आणि लॅन१ ठेवली (ईटीएच० ठेवू नका, कर्नलच्या स्वतःच्या नावांशी भांडण होतं), मग अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्स नव्याने बनवणारी कमांड) आणि रीबूट. इंटरफेसेस फाइलमध्येही नवीन नावं घाला, हे राहिलं तर परत तेच.

आता केबल नवीन कार्डाला लावली, आयपी आला, पण एथटूल या कमांडमध्ये स्पीड १०० मेगाबिट! इथेही कार्डाला दोष देऊ नका. शंभरला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात, हजार आणि अडीच हजारला चारही लागतात, एक जोडी जरी क्रिम्पिंगमध्ये (टोकाला कनेक्टर बसवताना) सुटली तरी लिंक खाली उतरते, आणि डीमेसगमध्ये डाउनशिफ्ट (स्पीड खाली आला), केबल तपासा असं कर्नल कधीकधी स्वतःच लिहितं. भारी केबल लागते असंही नाही, २.५ गिगाबिटला साधी कॅट ५ई शंभर मीटरपर्यंत चालते, फक्त समोरचा पोर्टही तेवढ्याचा हवा. माझ्या स्विचला तो होता, तयार पॅच कॉर्ड लावली आणि २५०० आलं. आता बॅकअप घेताना अडते ती हार्ड डिस्क.