चवथीआधी माळा रिकामा करताना

फोंडा तालुक्यातलं आमचं मूळ घर वर्षातून एकदाच भरतं, चवथीला, म्हणजे गणपतीत. एरवी तिथे सासूबाई आणि त्यांचं मांजर. गेल्या वर्षी आषाढातच त्यांचा फोन आला, "गो, माळ्यावर वाळवी लागलीय. यंदा मुलं कुठे झोपायची ते तूच बघ." शनिवारी पणजीहून गेले, शिडी चढून वर डोकावले आणि तशीच खाली उतरले.

वर आजेसासऱ्यांनी जपलेले 'गोमन्तक'चे गठ्ठे. 1962 साली पेपर निघाला तेव्हापासूनचे आहेत म्हणतात, पण तारखा वाळवीने आधीच खाल्लेल्या. शिवाय इन्व्हर्टरच्या तीन मेलेल्या बॅटऱ्या, खोकंभर ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे. मागच्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपीत, गोठ्यावरून उतरवलेले सिमेंटचे नऊ जुने पत्रे, आणि काजूच्या बागायतीसाठी कधीकाळी आणलेल्या औषधांचा कोपरा.

फोंड्याच्या बाजारात एकाने भंगारवाल्याचा नंबर दिला. तो आला आणि सगळ्यात आधी समईकडे बघितलं. ती विकायची नाही म्हटल्यावर हिशेब मांडला: लोखंड-तांब्याचे पैसे वजा जाता वर दोन हजार आम्हीच द्यायचे, तो सगळं नेणार, मांगर झाडूनही देणार. मला हे स्वस्तच वाटलं. सगळं म्हणजे कुठे नेणार, हे मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची दोन पोरं पिकअप घेऊन आली. मी चहा टाकत होते, तर मांगरातून हातोड्याचे आवाज. पत्रे पिकअपमध्ये मावत नव्हते म्हणून एकजण ते फोडत होता, तोंडाला साधा रुमालही नाही. या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड आहे तोवर फारसा त्रास नाही, पण फोडला-कापला की बारीक तंतू धुळीबरोबर फुप्फुसात जातात आणि दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं. मी ओरडून त्याला थांबवलं. तेवढ्यात पोरसातून, म्हणजे परसातून, सासूबाईंचा आवाज. दुसरा पोरगा पाटाच्या कडेला बसून बॅटरीची बुचं काढत होता. अॅसिड ओतून टाकायचं आणि बॅटरी सुकी करून न्यायची, त्यांच्या धंद्यातली रोजची गोष्ट. आमचा पाट बांयच्या, म्हणजे विहिरीच्या, अंगावरून पोफळींत जातो. "हे पाणी बांयत गेलं तर पितोस तू?" असं त्या म्हणाल्या आणि पोरगा गप्प बसला. त्याचाही दोष किती म्हणायचा? त्याला मजुरी वजनावर मिळते. आणि नुसतं अॅसिडच नाही, त्यात शिसंही असतं.

शेवटी रद्दी आणि लोखंड तेवढं त्यांना दिलं. जाताना एका पोराला विचारलं, जे विकलं जात नाही त्याचं काय करता? तो हसला. गोव्यात घाटाच्या वळणांवर सोफे आणि फुटके कमोड कुठून येतात, ते तेव्हा कळलं.

मग मीच वेगवेगळे ढीग केले. बॅटऱ्यांचं काम सोपं निघालं. नवी बॅटरी घ्यायचीच होती. दुकानदाराने तिन्ही जुन्या ठेवून घेतल्या आणि नवीच्या किमतीत पैसे कापून दिले. 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, त्यामुळे आधी दुकानातच विचारावं. न्यायच्या मात्र उभ्या, बुचं वर करून, क्रेटमध्ये. एक आडवी झाली तर गाडीची मॅट गेली समजा.

ट्यूबांचं खोकं उतरवताना एक सीएफएल फुटला. आत थोडा पारा असतो. खिडक्या उघडून आम्ही पाऊण तास बाहेर बसलो. मग काचा जाड पुठ्ठ्याने गोळा केल्या, बारीक कण चिकटपट्टीने उचलले आणि सगळं बरणीत बंद केलं. झाडू मारायचा नाही, पारा पसरतो. सासूबाईंना हे काही केल्या पटेना.

2016 च्या घनकचरा नियमांत ट्यूब, रंगाचे डबे, औषधांच्या बाटल्या, सुया हे सगळं घरगुती घातक कचऱ्यात यायचं आणि ते गोळा करण्यासाठी केंद्रं हवीत असं म्हटलं होतं. पंचायतीत मला सुक्या कचऱ्याचा वार सांगितला आणि बाकीचं नंतर बघू म्हणाले. पणजीत महापालिकेने कचरा 16 प्रकारांत वेगळा करायची पद्धत आणलीय, म्हणून खोकं आणि बरणी डिकीत घालून पणजीला आणली आणि आमच्या वसाहतीत दिली. गावचा कचरा शहरात आणला म्हणून नवऱ्याने चिडवलं.

पत्र्यांसाठी कारखान्यांचा घातक कचरा नेण्याचा परवाना असलेला कंत्राटदार शोधला. घरचं काम म्हणून आधी नाहीच म्हणाला, तीन फोनांनंतर तयार झाला. त्याच्या माणसांनी पत्रे आधी पाण्याने भिजवले, फुटलेले तुकडे हातमोजे घालून उचलले, सगळं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप मारली. पत्रे सत्तरीतल्या पिसुर्ल्याला गेले, घातक कचऱ्याची सोय तिथे आहे. भंगारवाल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागले, पण कुठे काय गेलं त्याचा कागद हातात आला.

औषधांच्या कोपऱ्यात दोन वस्तू होत्या. एक एंडोसल्फान या कीटकनाशकाची अर्धी बाटली. त्यावर 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. दुसरा पत्र्याचा डबा, आत पांढरट पावडर. सासूबाई म्हणाल्या, गॅमेक्सिन, ढेकणांसाठी आणलेली. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक, त्यावर 1997 पासून बंदी आहे. डब्यावरचं लेबल गळून गेलेलं, त्यामुळे कंत्राटदाराने हात लावला नाही. आत काय आहे ते तपासल्याशिवाय पिसुर्ल्याला घेत नाहीत, आणि डबाभर पावडरीची तपासणी कोण करणार? बाटलीही त्याने ठेवूनच दिली, एकदम दोन्ही नेऊ म्हणाला.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-फुलांची आरास, बांधायला माणसं आली तेव्हा माळा लख्ख होता, मुलं वरच झोपली. बाटली आणि डबा झाकणाच्या बादलीत, वाळूत रोवून, मांगराच्या फळीवर ठेवलेत. झाकणावर मी मराठीत आणि सासूबाईंनी कोंकणीत लिहिलंय, हात लावू नये. कंत्राटदार दिवाळीनंतर बघतो म्हणाला होता. आज पुन्हा फोन केला, उचलला नाही.