मेलमध्ये कीबोर्डचा एवढा आग्रह कशासाठी?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात मी मेल सॉफ्टवेअरचे इंटरफेस डिझाइन करते. घरच्यांपासून नव्या इंजिनीअर मुलांपर्यंत बरेच जण विचारतात, ‘सगळं टचवर आलं, तुम्ही अजून कीबोर्डवरच काय करत बसलात?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दिवसाला चार-पाच मेल बघणाऱ्याला माउस पुरतो. पण सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या सरकारी कार्यालयात डोकावून बघा, त्यातही डिसेंबरात, हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा. मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन आलेली माणसं तिथे मेलमागून मेल निकाली काढत असतात. दर मेलला माउसकडे हात न्यावा लागला की त्यांची लयच तुटते. आणि ज्याला पडदा दिसतच नाही, त्याच्यासाठी माउस असून नसल्यासारखा. त्याचा सगळा कारभार कळांवर आणि एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आवाजावर चालतो.

भरपूर शॉर्टकट दिले की काम झालं, असं मला अजिबात वाटत नाही. माणूस रोजच्या वापरातल्या सात-आठ कळा लक्षात ठेवतो. त्या प्रत्येक ठिकाणी तशाच वागल्या पाहिजेत, बस. एस्केपने शोधाची चौकट बंद होते आणि त्याच एस्केपने अर्धवट लिहिलेलं पत्र पुसलं जातं, असं झालं की माणूस ती कळ दाबायलाच घाबरतो. टॅब एका विभागातून दुसऱ्या विभागात नेणार आणि विभागाच्या आत बाणांच्या कळा चालणार, हा साधा नियमही कितीतरी ठिकाणी पाळला जात नाही. पन्नास मेलच्या यादीत प्रत्येक ओळीचा चौकोन, तारा आणि विषय टॅबच्या वाटेत आला, तर यादी ओलांडायला दीडशे वेळा टॅब दाबावा लागतो. अख्खी यादी म्हणजे टॅबचा एकच थांबा हवा.

सगळ्यात जास्त वाद आमच्याकडे होतात ते फोकसवरून, म्हणजे दाबलेली कळ या क्षणी पडद्यावरच्या कोणत्या जागी लागू होणार यावरून. सदरमधल्या एका बँकेत काम करणारे एक दृष्टिहीन दादा आमच्याकडे चाचणीला येतात. यादीतला एक मेल त्यांनी डिलीट केला आणि थांबले. म्हणाले, ‘मॅडम, मेल तर गेला, पण आता मी कुठं आहो? हा तर पुन्हा वरून वाचून राहिला सगळं.’ ज्या ओळीवर फोकस होता ती ओळच नाहीशी झाली आणि फोकस कुठे न्यायचा हे प्रोग्रामला कोणी सांगितलं नव्हतं. डोळस माणसाला यात काही झालंय हे कळतही नाही. दादांना मात्र पहिल्यापासून सगळी यादी चालत यावी लागते. म्हणून आता आमच्याकडे ठरलेलं आहे: ओळ गेली की फोकस खालच्या ओळीवर, शेवटची गेली तर वरच्या ओळीवर आणि यादीच रिकामी झाली तर ‘मेल नाहीत’ या मजकुरावर. डिलीट, आर्काइव्ह, स्पॅम, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणं, चारही वेळा हेच.

एकअक्षरी शॉर्टकटचं प्रकरण वेगळं आहे आणि आपल्यासाठी फार महत्त्वाचं. जीमेलमध्ये जे आणि के दाबून मेलच्या यादीत खाली-वर जाता येतं. ही जोडी बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआय या मजकूर लिहिण्याच्या जुन्या प्रोग्राममधली, 1976 च्या सुमाराची. त्यांच्या टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. आता आपल्याकडे इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची कळांची मांडणी, चालू ठेवा. जे दाबलं की र येतो, के दाबलं की क, नवा मेल लिहायला सी दाबलं तर म. प्रोग्राम फक्त अक्षर बघत असेल, तर मराठीत काम करणाऱ्याचे सगळे शॉर्टकट मुके होतात. ब्राउझर मात्र दोन्ही गोष्टी कळवतो, कोणतं अक्षर उमटलं आणि कीबोर्डवरची कोणती जागा दाबली. अक्षर रोमन नसेल तर जागा बघा, एवढंच करायचं असतं. ते केलेलं नसतं, कारण चाचणी इंग्रजी लेआउटवरच होते. याचा मला खरंच राग येतो.

त्यात एनव्हीडीए वापरणाऱ्यांची अडचण आणखी. वेबपेज वाचताना त्यांच्यासाठी के म्हणजे पुढची लिंक. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, त्यांच्या 2018 मधल्या 2.1 आवृत्तीने म्हणूनच सांगितलं, की एकअक्षरी शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आले पाहिजेत, नाहीतर त्या भागावर फोकस असतानाच चालले पाहिजेत. जीमेलमध्ये ते मुळात बंदच असतात, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात. हे मला योग्य वाटतं.

मग पुढचा प्रश्न येतो, सगळ्याच कंपन्यांनी एकसारख्या कळा का ठेवू नयेत? ते आता होणे नाही. डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये कंट्रोल एफ म्हणजे फॉरवर्ड, जगात इतरत्र ‘शोधा’. आणि तिथल्या जुन्या लोकांच्या बोटांना तेच वळण आहे. पण कंट्रोल एंटरने मेल पाठवणं जीमेल, आउटलुक आणि थंडरबर्ड तिन्हींत आहे. एफ6 ने एका भागातून दुसऱ्या भागात जाणं आउटलुक आणि थंडरबर्ड दोघांत आहे. अशा जागी आम्ही काही नवं आणत नाही, कुणाला कितीही छान सुचलं तरी.