नानांनी लिहिलेली पोस्टकार्डं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. मुख्याध्यापक, गणिताचे सर, पीटीचे सर यांच्यावर बाकीचे लिहितीलच. मी नानांवर लिहिणार. कागदोपत्री संस्थेचे मानद सचिव, आणि अख्ख्या धारूरचे नाना.

नाना निजामाच्या राज्यात जन्मले, उर्दूतून शिकले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलेलं. पुढं आडतीचं दुकान टाकलं. गावाची कामं मात्र दुकानाच्या आधी. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची नावं हजेरीपटावर नीट लागली का, हे बघत ते कामावर फिरत. १९९३च्या भूकंपानंतर ज्वारी आणि घोंगड्या भरलेला टेम्पो घेऊन ते स्वतः किल्लारीला गेले. हे सगळं गावाला माहीत आहे. आम्हा ऊसतोड्यांच्या पोरांना माहीत असलेले नाना वेगळे.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या वाड्यावस्त्यांवर कुलपं लागायची. टोळी नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली असे. गाड्या घाट उतरून प्रवरानगर, श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागत आणि कोयत्यामागं लेकरंही जात. गुढीपाडव्याच्या आगंमागं परत यायचं, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर. नाना दिवाळीआधीच वस्तीवर यायचे. आईला म्हणायचे, "बाई, पोरगं माझ्याकडं ठेव. बाकी सगळं घेऊन जा."

आम्ही शाळेतच झोपायचो. जेवायला गावात वार लावलेले, रोज एका घरी. जात बघून वार लावायला नाना तयार नव्हते. पेठेत त्यावरून कुरबुर झाली तेव्हा त्यांनी सोमवारचा वार आपल्याच घरी घेतला आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात, चुलीजवळ बसवलं. काकू गरम भाकरी थेट ताटात टाकायच्या.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते रविवारचं पोस्टकार्ड. पंधरा पैशांची कार्डं नाना स्वतः आणायचे. आम्हाला लिहिता येत होतं, तरी आठवीच्या पोरांची कार्डं तेच लिहीत. पत्ता चुकला तर कार्ड फडात पोचत नाही म्हणायचे. कारखान्याचं नाव, गट ऑफिस, मुकादमाचं नाव, मग वडलांचं. एका रविवारी माझी पाळी आली. मी म्हणालो, "लिहा, मला करमंना."

बाकीची पोरं हसली. नानांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि जसं मी बोललो तसंच लिहिलं, 'मला करमंना.' खाली रेघ मारली. रेघेखाली लिहिलं, 'हे मुलाचं म्हणणं. माझं म्हणणं असं की तो दोन वेळा जेवतो, अंगात ताप नाही, इंग्रजीत कच्चा आहे, ते मी बघतो.' मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "चालंल का?" तेरा वर्षांच्या पोराला असं विचारणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

ते कार्ड आईला फडात उसाच्या पावत्या करणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयनं वाचून दाखवलं. तिनं त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, असं वडील सांगायचे. ते आजही आमच्या देव्हाऱ्याच्या फळीवर आहे. इंग्रजीचं म्हणाल, तर नानांनी खरंच दुकान बंद झाल्यावर रोज कंदिलापुढं बसवून मला शिकवलं.

आज मी जलसंपदा विभागात उपअभियंता आहे. मुलगी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रवेशाचे पेढे घेऊन गेलो तेव्हा नाना नव्वदीच्या घरात होते. ऐकू कमी यायचं. त्यांनी पहिलं विचारलं, "वस्तीवरून यंदा कोण कोण राहिलं?" पेढा नंतर खाल्ला. त्यानंतर वर्षभरात ते गेले.

आता फडात हार्वेस्टर आले आहेत, पोरांकडं मोबाईल आहेत. २०२१ मध्ये शासनानं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली, तिचा मला मनापासून आनंद आहे. पण दिवाळीआधी वस्तीवर जाऊन एकेका आईशी बोलणारं माणूस योजनेत कुठून आणायचं? वाईट वाटतं.

नानांना एकच गोष्ट जमवता आली नाही, असं ते स्वतः म्हणायचे: मुलींची राहण्याची सोय. माझ्याबरोबर चौथीपर्यंत असलेल्या आमच्या वस्तीवरच्या पोरी दहावीला एकही नव्हत्या. आमच्या बॅचनं ठरवलं आहे की शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलींसाठी खोल्या बांधून द्यायच्या, पत्र्याच्या नव्हे, स्लॅबच्या. नकाशा मी काढला आहे आणि संस्थेकडं दिला आहे. मंजुरी मिळाली तर येत्या दिवाळीआधी पाया खोदू.