जुनं पुस्तक सापडत नसेल तर आधी स्पेलिंग बिघडवा

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, इतिहासावरचं अमुक पुस्तक नेटवर नाहीच, असं कुणी म्हणालं की समजावं, शोध देवनागरीत एकदाच घेतलाय. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली मराठी पुस्तकं ढिगानं आहेत, पण नोंदी बहुतेक रोमन लिपीत, त्याही भरणाऱ्याच्या कानाला पटल्या तशा. ‘करवीर’मधला ‘वी’ कधी आय लावून, कधी डबल ई लावून. ‘व’ला कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. स्पेलिंग बदलतं त्याआधीची पहिली तीन-चार रोमन अक्षरं, पुढे स्टार (*), आणि डावीकडच्या फिल्टरमध्ये मराठी. तरीही नाही आलं तर लेखकाचं नुसतं आडनाव.

इंग्रजी साधनांचीही तीच तऱ्हा. मेजर ग्रॅहम या इंग्रज अधिकाऱ्याच्या कोल्हापूरवरच्या १८५४च्या अहवालात ‘पूर’ला डबल ओ आहे, तर १८८६च्या मुंबई इलाखा गॅझेटियरमध्ये, खंड २४, आजचंच स्पेलिंग. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधायची.

वर्षाच्या रकान्यावर भरवसा नको. मुखपृष्ठ उघडून शक बघा आणि त्यात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातलं असेल तर बहुधा ७९.

पुस्तक मिळालं की लोक पटकन पीडीएफ उतरवतात. ती बऱ्याचदा फार दाबलेली असते. अनुस्वार आणि तळटिपांतले आकडे नेमके तिथेच पुसट होतात. ‘शो ऑल’मध्ये जाऊन जेपी-टूची, म्हणजे पानापानाच्या चित्रांची, झिप असेल तर ती घ्या. जड असते, पण अक्षर बहुधा वाचता येतं. मग छापील पृष्ठांक ओळीनं तपासा: पानं गळालेली असतात, घडीचे नकाशे तर घडी न उलगडताच स्कॅन केलेले. संदर्भ देताना पत्त्यातला ‘एन’पुढचा आकडा लिहू नका, तो स्कॅनचा क्रम आहे, पुस्तकाचं पान नव्हे. गळालेल्या पानासाठी दुसरी स्कॅन प्रत शोधा, नाहीतर सरळ कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय गाठा. १८५०ची संस्था आहे, तिथे विचारलेलं बरं.

मोडी कागदांना हे काहीच लागू नाही. तिथे मजकुरात शोध चालत नाही, फक्त सूचीत चालतो. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर कोल्हापूर संस्थानाचा इंग्रजी पत्रव्यवहार मात्र मिळतो, नुसतं ‘कोल्हापूर’ टाकण्यापेक्षा फॉरेन अँड पोलिटिकल खातं आणि सालाची मर्यादा लावा.